पत्र आणि पत्रवाहक

संत पौलाच्या नावे कलस्सैकरांना गेलेले पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे. आपल्याकडील वृत्त तुखिक प्रत्यक्ष सांगेल, असे त्यात कळवले आहे आणि तुमच्यापुढे वाचून झाल्यावर ते लावदिकियाच्या मंडळीतही वाचले जावे, अशी सूचनाही आहे. दूर राहून शिकवण्याची रीत ख्रिस्तसभेला बाल्यापासून ठाऊक आहे. परंतु पत्राबरोबर ते नेणारा, वाचून दाखवणारा माणूसही लागतो, हेही तिला तेव्हाच उमगले होते.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीने महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या, तेव्हा या जुन्या सत्याची नव्याने कसोटी लागली. मुलांसाठी दूरचित्रवाणीचे पाठ तयार करणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये स्थापन झाली होती. पण गरज उभी राहण्याच्या तीनच वर्षे आधी, २०१७ मध्ये, शासनाने ती बंद केली. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. शिक्षक मोबाईलवरून धडे पाठवू लागले. मात्र ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तेथे धडा उंबऱ्याबाहेरच थांबला. आम्ही धर्मगुरूही त्या दिवसांत कॅमेऱ्यासमोर मिस्सा अर्पण करत होतो. समोरची रिकामी बाके आम्हांला हेच सांगत होती.

अशा वेळी तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट गावाने एक वाट दाखवली. हे गाव शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना एखादी परकीय भाषा निवडण्यास सांगितले. यंत्रमानवाचे कुतूहल असलेल्या बहुतेकांनी जपानी निवडली! शाळा बंद असतानाही शहरातील एका जाणकाराने मोबाईलवरून त्यांना ही भाषा शिकवली. साऱ्यांकडे मोबाईल नव्हते. म्हणून शाळेने ‘विषयमित्र’ नेमले. ज्यांना धडा मिळाला, त्यांनी तो इतर मुलांना शिकवायचा. कलस्सैचे पत्र लावदिकियाला पोहोचावे, तसा हा धडा एका घरातून दुसऱ्या घरी गेला.

सर्वत्र असे घडले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून वर्ग पुन्हा भरले. त्याहून लहान मुले आणखी काळ घरीच राहिली. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत राज्यातील तिसरीच्या मुलांचे वाचन २०१८ च्या तुलनेत मागे पडल्याचे दिसले. अक्षरओळखीच्या वयातच ही मुले शाळेला मुकली होती.

ती मुले आज आपल्याच धर्मग्रामात, आपल्याच वस्तीत वाढत आहेत. त्यांतील कोणी धर्मशिक्षणाच्या वर्गात वाचताना अडखळत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याची घाई आपण करू नये. त्याच्या वाट्याचे पत्र त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. आपल्या घरातील एखाद्या थोरल्या मुलाने वा मुलीने सायंकाळच्या प्रार्थनेनंतर अर्धा तास त्याच्याजवळ बसावे, एवढेच आमचे मागणे आहे. तुखिकाचे काम अजून संपलेले नाही.