भांग, गांजा, चरस : हेम्प ड्रग्ज आयोगाचे पुनर्वाचन

प्रस्तावना
भांगेच्या झाडापासून मिळणाऱ्या मादक पदार्थांची चर्चा निघाली की १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज आयोगाचा हवाला दिला जातो. माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, हे त्याचे मत प्रसिद्ध आहे. मात्र ते मत कोणत्या पदार्थांच्या अनुभवावर आधारलेले होते, हे न तपासता आजच्या संहत अर्कांना लागू करणे इतिहासलेखनाच्या शिस्तीस धरून नाही, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे.

आयोग व मुंबई इलाखा
१८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बंगालमधील गांजाविषयी प्रश्न उपस्थित झाला. त्यातून डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या या आयोगाने देशभरातील ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. आयोगाने तीन प्रकार मानले. पाने म्हणजे भांग. ती घोटून पितात अथवा माजूमच्या रूपाने खातात. मादी झाडाचा राळयुक्त फुलोरा म्हणजे गांजा. तो तंबाखूसह चिलमीतून ओढतात. बी धरू नये म्हणून गांजाच्या शेतातील नर झाडे उपटली जात. झाडावरून वेगळी केलेली राळ म्हणजे चरस. मुंबई इलाख्यात गांजाचे पीक प्रामुख्याने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात होई. चरस मात्र मुख्यतः यारकंदहून लेहमार्गे पंजाबात येई. आपल्या भागात त्याचा वापर अल्प होता. सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वरी साधूंच्या हाती दिसणारी चिलीम हीही गांजाच्याच परंपरेतील होय.

संहततेचा प्रश्न
राळेतील मुख्य मादक घटक टीएचसी. तो शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना निश्चित झाली ती १९६४ मध्ये. म्हणजे आयोगापाशी मादकता मोजण्याचे साधनच नव्हते. आज ब्युटेनसारख्या द्रावकाने काढलेल्या तेलात वा मेणासारख्या अर्कात हा घटक बहुधा ४० ते ८० टक्के असतो. अशा अर्काची वाफ ओढल्यास परिणाम काही मिनिटांत जाणवतो. पोटात घेतल्यास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत विलंब लागतो. त्या अवधीत पुन्हा मात्रा घेतली जाण्याचा धोका असतो.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने हा भेद ओळखला आहे. फुलोऱ्याविना असलेली पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. हशीश तेल मात्र चरसात गणले जाते. २००१ च्या अधिसूचनेनुसार अल्प प्रमाणाची मर्यादा गांजासाठी १ किलो, तर चरसासाठी १०० ग्रॅम आहे. व्यापारी प्रमाणाची मर्यादा अनुक्रमे २० किलो व १ किलो आहे.

निष्कर्ष
आयोगाने अतिसेवन घातकच मानले होते. सरसकट बंदीऐवजी कर व नियंत्रण सुचविले होते. त्याचा अहवाल मौलिक साधन आहे. परंतु त्याची साक्ष मुख्यतः घोटलेल्या भांगेची आणि चिलमीतील गांजाची आहे. ‘आयोगानेच निर्दोष ठरविले’ असे एखाद्या विद्यार्थ्याने म्हटल्यास ‘कोणता पदार्थ, किती संहत आणि कोणत्या मार्गाने घेतलेला?’ हे तीन प्रश्न विचारणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.