कठीण कातडे आणि सापाचे विष

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. साहजिकच संयोजी ऊतींच्या इतर रोगांवरही स्टिरॉइडे वापरून पाहिली गेली. स्क्लेरोडर्माने मात्र फारशी दाद दिली नाही.

हा रोग विरळा. १७५३ साली नेपल्सच्या कार्लो कुर्झिओ या वैद्याने कातडे कठीण होत गेलेल्या एका तरुणीची हकीकत लिहून ठेवली आहे. स्टिरॉइडे सूज आवरतात. येथे मुख्य उपद्रव असतो तो कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या वाजवीपेक्षा जास्त साठ्याचा आणि लहान रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा. मूत्रपिंडातील वाहिन्या अरुंद झाल्या, की रक्त कमी पडते आहे असे समजून मूत्रपिंड रेनिन सोडते. त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते, वाहिन्या आणखी आकसतात, रक्तदाब भडकतो. हे दुष्टचक्र रुग्णाचा जीव घेई. स्टिरॉइडांच्या मोठ्या मात्रेने तर हा धोका वाढतो, असे पुढे दिसून आले.

चक्र तोडण्याचा मार्ग सापडला तो ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषात! १९६५ साली सर्जिओ फरेरा यांनी या विषातील एक घटक वेगळा काढला. अँजिओटेन्सिन घडवणारे विकर अशा घटकांमुळे अडते, हे नंतर कळले. त्या धाग्यावरून स्क्विब कंपनीच्या कुशमन व ऑन्डेटी यांनी १९७५ साली कॅप्टोप्रिल बनवले. १९७९ साली ते स्क्लेरोडर्माच्या रुग्णांना दिल्यावर रक्तदाब उतरल्याचे प्रसिद्ध झाले. १९९० साली व्हर्जिनिया स्टीन व सहकाऱ्यांनी हिशेब मांडला : या गटातील औषधे न मिळालेल्यांपैकी १५ टक्के वर्षभर जगले होते, मिळालेल्यांपैकी ७६ टक्के.

कातडे मात्र या औषधाने मऊ होत नाही. फुफ्फुसांतील तंतुमयतेसाठी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे वापरतात. २०१९ साली अमेरिकेत निन्टेडॅनिबलाही मान्यता मिळाली. त्यांनी ऱ्हास मंदावतो, रोग समूळ जात नाही.

वर्गात ही कथा सांगताना आपण एवढे जरूर सांगावे : कॉर्टिसोनच्या यशाने डॉक्टरांना एक हत्यार मिळाले होते; पण या रुग्णांचे प्राण वाचले ते रोगाची साखळी नेमकी कोठे तोडायची हे समजल्यावर.