आठ माईक आणि एक जिना

गेल्या महिन्यात वीकेंडला पुण्याहून घरी कोल्हापूरला गेलो होतो. शाळेतला एक मित्र ड्रम्स वाजवतो, आणि तो पुढच्याच आठवड्यात नोकरीसाठी दुबईला निघाला होता. म्हटलं, जायच्या आत याचं नीट रेकॉर्डिंग करूया. हौसेने आठ माईक भाड्याने आणले. किकला एक, स्नेअरला वर आणि खाली, दोन टॉमना एकेक, हायहॅटला एक, डोक्यावर दोन. ऐकलं तर स्नेअर म्हणजे बिस्किटांचा रिकामा डबा! मित्र म्हणाला, "मर्दा, मी असं वाजवलंच न्हाई."

बरोबर होतं त्याचं. काठी पडली की स्नेअरचं कातडं वरच्या माईकपासून लांब जातं आणि खालच्या माईककडे येतं. म्हणजे दोन्हीकडच्या लहरी उलट्या, आणि बेरीज केली की एकमेकींना खातात. एकाची पोलॅरिटी उलटी करायची असते, ते मी विसरलो. शिवाय आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटरच जातो, त्यामुळे डोक्यावरच्या माईककडे तोच ठोका उशिरा पोचतो. जितके माईक, तितकी भांडणं.

वैतागून बसलो आणि दामले आठवले. विष्णुपंत दामले, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले, १९२९ साली इथेच कोल्हापुरात सुरू झालेल्या 'प्रभात'चे एक मालक. १९३२ साली आलेल्या 'अयोध्येचा राजा'चं ध्वनिमुद्रण त्यांचं. प्लेबॅक आपल्याकडे आला १९३५ मध्ये, तोही कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये. म्हणजे इथे गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर गाणार आणि साथीदार कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे बसणार. वाद्यांसाठी वेगळा ट्रॅक वगैरे प्रकारच नव्हता. तबला जास्त वाटला तर फेडर खाली नाही करायचा, तबलजीलाच मागे सरकवायचं! वर सिनेमा हिंदीतही होता, म्हणजे सगळं परत एकदा. मिक्सिंग व्हायचं ते फुटपट्टीवर, शूटिंगच्या आधी. आपण "नंतर बघू" म्हणतो तो "नंतर" त्यांच्याकडे नव्हताच.

असो. पण हा नुसता गरिबीचा मामला नव्हे. पुढे भरपूर ट्रॅक मिळाल्यावरही ग्लिन जॉन्स हा इंग्लिश इंजिनियर ड्रम्सना तीन-चार माईकच लावायचा. एक स्नेअरच्या वर, एक फ्लोअर टॉमच्या बाजूला, दोन्ही स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर, म्हणजे ठोका दोघांकडे एकदमच पोचतो. त्याचा धाकटा भाऊ अँडी जॉन्स त्याच्याही पुढचा. लेड झेपलिनच्या १९७१ च्या अल्बमसाठी त्याने हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इमारतीत जॉन बॉनहॅमला जिन्याखालच्या हॉलमध्ये बसवलं आणि वरून दोनच माईक लावले. तो दणका ऐकला नसेल तर आज रात्री ऐकाच.

जिना तर आमच्या घरातही होता. रविवारी संध्याकाळी सेट तिथे हलवला, सुतळीने अंतर मोजलं, आणि वरच्या पायरीवर दोन माईक. शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्या टेकला मित्राने हेडफोन काढला आणि नुसती मान हलवली. किकचा माईक मात्र मी तसाच ठेवला होता, तेवढा मोह काही सुटला नाही :)