इंद्रजाल कॉमिक्सचा संग्रह
टाइम्स ऑफ इंडिया समूहाची चित्रकथामाला (१९६४–९०). वेताळ, जादूगार मँड्रेक व १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर हे तिचे नायक. अमेरिकेत एकाच अंकाची निराळी मुखपृष्ठे ‘व्हेरिअंट’ ठरतात. इंद्रजालच्या संग्रहात तो मान इंग्रजी, हिंदी, मराठी अशा भाषिक आवृत्त्यांना द्यावा. चित्रे तीच असल्याने त्या निव्वळ भाषांतरे ठरतात, हा आक्षेप अपुरा आहे; अक्षरलेखन व संवाद प्रत्येक भाषेत नव्याने घडतात. भोपाळसारख्या हिंदीभाषक शहरातील मराठी संग्राहकाला मराठी प्रतींसाठी ऑनलाइन खरेदी सोयीची. मात्र केवळ मुखपृष्ठाच्या छायाचित्रावर विसंबू नये. भाषा, अंकक्रमांक, पिना व पृष्ठसंख्या पडताळल्याशिवाय दुर्मीळतेचा दावा मानू नये.