साधनाचा आधार आणि खेळाडूचे कौशल्य : मल्लखांबापासून ऑनलाइन खेळांतील ॲड-ऑनपर्यंत

प्रस्तावना

खेळाडूने केवळ अंगच्या बळावर व बुद्धीवर खेळावे, की उपलब्ध असलेल्या प्रत्येक साधनाचा आधार घ्यावा, हा प्रश्न खेळांच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ऑनलाइन बहुखेळाडू खेळांच्या प्रसारामुळे तो नव्या स्वरूपात पुढे आला. या खेळांना ‘ॲड-ऑन’ या नावाने ओळखली जाणारी पूरक आज्ञावली जोडता येते. ती बहुधा खेळाडूंनीच तयार केलेली असते. ती पडद्यावरील माहिती सुटसुटीत मांडते, येऊ घातलेल्या धोक्याची आगाऊ सूचना देते आणि खेळाडूच्या कामगिरीचा हिशेबही ठेवते. खेळाडूने तिच्यावर विसंबावे काय, यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष तिला सर्वांना विनामूल्य मिळणारे निरुपद्रवी साधन मानतो, तर दुसऱ्या पक्षाच्या मते तिच्यामुळे खेळाडू दुबळा होतो.

हा वाद केवळ संगणकयुगाचा नाही. महाराष्ट्रातील मल्लविद्या व बुद्धिबळ या दोन परंपरांमध्ये त्याची पूर्वपीठिका सापडते. त्या पूर्वपीठिकेच्या आधारे ऑनलाइन खेळांतील ॲड-ऑनचा प्रश्न तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तालमीतील साधन आणि हौद्यातील कुस्ती

मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आढळतो. मात्र आज परिचित असलेल्या मल्लखांबाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. त्यांच्याविषयीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. निजामाच्या राज्यातील अली व गुलाब या मल्लांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले. तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले आणि तयारीसाठी काही काळ मागून घेऊन वणीच्या सप्तशृंगगडावर वास्तव्य केले. तेथे झाडांवर लीलया चढउतार करणाऱ्या वानरांना पाहून त्यांना लाकडी खांबावरील पकडींची कल्पना सुचली, असे परंपरा सांगते. सप्तशृंगी ही खानदेशातील असंख्य कुटुंबांची कुलस्वामिनी असल्याने ही कथा या भागात विशेष आपुलकीने सांगितली जाते.

आख्यायिकेचा तपशील कितपत ऐतिहासिक आहे, हा स्वतंत्र प्रश्न आहे. येथे महत्त्व आहे ते साधनाच्या स्थानाला. मल्लखांब हा प्रतिस्पर्धी नसतानाही प्रतिस्पर्ध्याचे काम करतो. पकड, पायाची अढी, तोल आणि चपळाई ही कौशल्ये तो पैलवानाच्या अंगी मुरवतो. मुद्गल व जोर-बैठका यांचे प्रयोजनही तेच. परंतु प्रत्यक्ष कुस्तीच्या वेळी पैलवान लाल मातीच्या हौद्यात उतरतो तो लंगोटानिशी. मल्लखांब तालमीतच राहतो. त्याने दिलेले कौशल्य तेवढे पैलवानाबरोबर येते. हौद्याच्या कडेला उभा असलेला वस्ताद डाव सुचवू शकतो. मात्र प्रतिस्पर्ध्याचा झोक ओळखून तो डाव योग्य क्षणी टाकणे पैलवानालाच भाग असते. साधनावर विसंबण्याची मर्यादा या परंपरेने अशा प्रकारे कोणत्याही लिखित नियमावलीविना आखलेली होती.

मल्लखांबाच्या इतिहासाला पुढे एक वेगळे वळण मिळाले. कुस्तीचे पूरक साधन म्हणून वाढलेला हा प्रकार कालांतराने स्वतंत्र क्रीडाप्रकार झाला आणि 1981 मध्ये उज्जैन येथे त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरली. म्हणजे पूरक साधन मूळ खेळाच्या बाहेर पडून स्वतःच खेळ होऊ शकते. मात्र तेव्हा त्याचे नियम, गुणदान आणि प्रतिष्ठा ही सर्व वेगळी ठरतात.

पटावरील साहाय्य

मल्लखांबाचे साहाय्य शरीराला होते. बुद्धिबळात ते विचारालाच होत असल्याने तेथील प्रश्न अधिक नाजूक बनतो. बुद्धिबळाच्या अभ्यासासाठी ग्रंथ वापरण्याची परंपरा जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 1814 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले होते. 1955 मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्या यांच्यासमवेत संयुक्त विजेते ठरले. ग्रंथाभ्यासाने बुद्धिबळपटूच्या कीर्तीला कधी बाधा आली नाही. परंतु डाव सुरू असताना ग्रंथ उघडणे किंवा शेजाऱ्याने चाल सुचवणे हे घरगुती पटावरसुद्धा निषिद्ध मानले गेले.

एका बाबतीत मात्र स्पर्धात्मक बुद्धिबळाने साहाय्याला दीर्घकाळ वाव दिला होता. वेळ संपल्यास डाव तहकूब होई. पुढील चाल लखोट्यात बंद करून ठेवली जाई आणि मधल्या काळात खेळाडू आपल्या साहाय्यकांसह त्या स्थितीचे विश्लेषण करीत असे. ही प्रथा कोणाला अन्यायकारक वाटली नाही, कारण साहाय्य माणसांचे आणि मर्यादित होते. संगणक प्रबळ होताच हे चित्र पालटले. 1997 मध्ये ‘डीप ब्लू’ने तत्कालीन जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याचा सामन्यात पराभव केला. तहकुबीची प्रथाही 1990 च्या दशकात उच्च स्पर्धांतून अस्तंगत झाली. साधनाची शक्ती वाढली की जुना नियम अपुरा पडतो, हा या घटनाक्रमाचा धडा होय.

त्यानंतरच्या घटना भारतातही घडल्या. 2006 मध्ये दिल्लीतील एका स्पर्धेत एक खेळाडू टोपीत दडवलेल्या ब्लूटूथ उपकरणाद्वारे संगणकाच्या चाली मिळवताना पकडला गेला आणि त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घालण्यात आली. जून 2021 मध्ये करोना साहाय्यनिधीसाठी झालेल्या ऑनलाइन प्रदर्शनीय सामन्यात विश्वनाथन आनंद यांच्याविरुद्ध खेळणाऱ्या एका उद्योजकाने संगणकाची मदत घेतल्याची कबुली दिली. पहिल्या घटनेत बक्षिसाचा प्रश्न होता. दुसऱ्या घटनेत तो नव्हता, तरीही लोकांची नाराजी कमी झाली नाही. खेळणारा स्वतः विचार करीत आहे हा प्रेक्षकांचा विश्वास भंग पावला, हे तिचे कारण होते.

याउलट कास्पारोव्ह यानेच 1998 मध्ये स्पेनमधील लेओन येथे व्हेसेलिन तोपालोव्ह याच्याशी संगणकाचा उघड वापर करून सामना खेळला. तो फसवणूक ठरला नाही, कारण दोन्ही बाजूंना समान मुभा होती. पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही संगणकाच्या वापरास मान्यता मिळाली. मल्लखांबाप्रमाणेच येथेही पूरक साधनाने स्वतःचा वेगळा खेळ निर्माण केला.

साहाय्याचा आणखी एक प्रकार विचारात घेणे आवश्यक आहे. दृष्टिहीन बुद्धिबळपटूला स्पर्शाने ओळखता येणाऱ्या मोहऱ्यांचा स्वतंत्र पट वापरता येतो आणि दोन्ही खेळाडूंनी आपली चाल मोठ्याने सांगावयाची असते. हे साधन पटाची स्थिती कळवते, चाल सुचवीत नाही. म्हणूनच ते डोळस प्रतिस्पर्ध्यावर अन्याय करीत नाही. पटाची स्थिती कळवणे आणि चाल ठरवणे यांतील हा भेद ऑनलाइन खेळांचा विचार करताना विशेष उपयुक्त ठरतो.

ऑनलाइन खेळ आणि ॲड-ऑन

अमेरिकेत 23 नोव्हेंबर 2004 रोजी सुरू झालेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ ॲड-ऑनच्या इतिहासातील प्रमुख उदाहरण आहे. आरंभीच्या काळात त्यातील मोठ्या मोहिमांमध्ये चाळीस खेळाडूंचा चमू एकत्र लढत असे. निर्मात्या ब्लिझार्ड कंपनीने खेळाडूंना ‘लुआ’ या संगणकीय भाषेत पूरक आज्ञावली लिहिण्याची मुभा दिली होती. तिचा लाभ घेऊन शत्रूच्या पुढील हल्ल्याची वेळ सांगणारी, सहकाऱ्यांची प्रकृती एका चौकटीत दाखवणारी असंख्य साधने निर्माण झाली.

त्यांपैकी ‘डिकर्सिव्ह’ या साधनाचा इतिहास बोधप्रद आहे. चमूतील कोणावर शापाचा प्रयोग झाला आहे हे ते शोधून काढी आणि खेळाडूने एक कळ दाबताच योग्य सहकाऱ्यावर योग्य उपाय करी. कोणाला आधी वाचवावे हा निर्णय खेळाडूऐवजी आज्ञावली घेऊ लागली. डिसेंबर 2006 मधील सुधारित आवृत्तीत कंपनीने हा मार्ग बंद केला. ॲड-ऑनने माहिती दाखवावी, लक्ष्य व कृती यांची निवड मात्र करू नये, अशी मर्यादा आखली गेली. हौद्याच्या कडेवरील वस्तादाला जी मर्यादा होती, तीच येथे तांत्रिक नियमाच्या रूपाने अवतरली, असे म्हणता येईल.

तथापि प्रश्न तेथे संपला नाही. माहिती दाखवणारी साधने इतकी प्रगत झाली की पुढे काय करावे हेच ती मोठ्या अक्षरांत सांगू लागली. बटण खेळाडूच दाबत असला तरी त्यामागील विचार त्याचा राहिला नाही. अनेक चमूंनी ठरावीक ॲड-ऑन असल्याखेरीज नव्या खेळाडूस प्रवेश नाकारला. कठीण मोहिमांची आखणी करताना खेळाडूंकडे ॲड-ऑन असणारच हे गृहीत धरावे लागते, असे रचनाकारांनीही मान्य केले. परिणामी एक चक्र सुरू झाले. साधनामुळे आव्हान सोपे होते, म्हणून आव्हान कठीण केले जाते आणि मग साधन अपरिहार्य ठरते. अखेर 2025 मध्ये कंपनीने ‘मिडनाइट’ या विस्ताराच्या संदर्भात लढाईच्या वेळी ॲड-ऑनला मिळणाऱ्या माहितीवर कडक निर्बंध जाहीर केले आणि काही आवश्यक सूचना मूळ खेळातच अंतर्भूत करण्याचे धोरण स्वीकारले.

येथे विसंबण्याचा खरा दोष दिसून येतो. दोन दशके ज्यांनी आज्ञावलीच्या सूचनांवर खेळ केला, त्यांना त्या सूचनांविना खेळ नव्याने शिकण्याची वेळ आली. ज्यांनी त्याच सूचनांतून शत्रूची लय ओळखण्यास शिकून घेतले होते, त्यांचे नुकसान अल्प होते. साधन काढून घेतल्यावर खेळाडूपाशी काय उरते, ही विसंबण्याची कसोटी होय.

अमळनेर आणि शिक्षकांपुढील प्रश्न

अमळनेरसारख्या गावासाठी हा विषय दूरचा नाही. येथे 1945 मध्ये वनस्पती तेलाच्या उत्पादनासाठी स्थापन झालेली कंपनी पुढे ‘विप्रो’ या नावाने संगणकक्षेत्रात जगभर पोहोचली. आज मोबाइलवरील बहुखेळाडू खेळ ग्रामीण विद्यार्थ्यांच्याही परिचयाचे आहेत. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करताना ई-स्पोर्ट्सला स्वतंत्र मान्यता दिली. त्यामुळे महाविद्यालयीन स्तरावर अशा स्पर्धा भरल्यास कोणते साहाय्य ग्राह्य व कोणते अग्राह्य, याचा निर्णय शिक्षकांनाच करावा लागेल. हीच कसोटी गणकयंत्र, मार्गदर्शिका आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या अध्ययनातील वापरासही लावता येण्यासारखी आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, साधनाचा सरसकट निषेध परंपरेने कधीच केला नाही. सरावातील साधन आणि स्पर्धेतील साधन यांत तिने भेद केला. दुसरा असा की, माहिती पोहोचवणारे साधन आणि निर्णय घेणारे साधन भिन्न आहेत. पहिल्याचा उपयोग खेळाडूने निःशंकपणे करावा, दुसऱ्यावर विसंबू नये. तिसरा असा की, मर्यादा उघड व सर्वांना समान असावी आणि साधनाची शक्ती वाढेल तसा तिचा फेरविचार व्हावा.

1916 मध्ये प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झालेल्या या गावात साध्य-साधनविचार नवा नाही. खेळाचे साध्य केवळ विजय असेल, तर कोणतेही साधन चालेल. ते साध्य खेळाडूची घडण असेल, तर साधनाने मल्लखांबाप्रमाणे अंगी बळ द्यावे आणि हौद्याबाहेर उभे राहावे.