शुश्रूषेची दुसरी बाजू

परस्वाधीन झालेल्या वृद्धाची सेवा म्हणजे त्याला अंथरुणावर स्वस्थ पडूं देऊन त्याचें सर्व कांहीं आपण करणें, अशी आपली सामान्य समजूत असते. ती समजूत दयाळूपणाची खरी. पण तिनें किती माणसें पंगु होतात, हें इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या इतिहासावरून दिसून येतें.

१८३४ च्या कायद्यानें त्या देशांत निराधारांसाठीं कामगृहांची पद्धत दृढ झाली. त्यांच्या रुग्णगृहांत वृद्ध, पक्षघाती व भ्रमिष्ट माणसें वर्षानुवर्षें पडून असत. १९३५ सालीं वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयानें शेजारचें असेंच एक रुग्णगृह आपल्याकडे घेतलें, आणि ७१४ खाटांचा भार डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्यावर पडला. त्यांनीं प्रत्येकास निरनिराळें तपासलें. तेव्हां आढळलें कीं, कित्येकांना मूळ रोगापेक्षां अंथरुणानेंच अधिक जखडलें होतें. मग त्यांनीं रोग्यांचे वर्ग पाडले, भिंतींना उजळ रंग दिला, आधाराला कठडे लावले, बसावयास खुर्च्या ठेवल्या आणि आखडलेल्या अवयवांना व्यायाम सुरू केला. पुष्कळ जण हिंडूंफिरूं लागले. कांहीं तर घरीं परतले.

पडून राहण्याचा हा धोका १९४७ सालीं लंडनच्या डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनीं उघड करून सांगितला: स्नायु झडतात, सांधे आखडतात, हाडांतील चुना कमी होतो, शिरांत रक्त गोठतें, आणि मनही खचतें.

पुढें १९६३ सालीं अमेरिकेंतील डॉ. सिडने कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनीं परावलंबन मोजण्यास सहा कृत्यें निवडलीं: स्नान, वस्त्रें घालणें, शौचास जाणें, खाटेवरून खुर्चीवर बसणें, मलमूत्रावर ताबा आणि स्वहस्तें जेवणें. बऱ्या होणाऱ्या वृद्धांत हीं कृत्यें साधारणतः बालक तीं शिकतें त्याच क्रमानें परत येतात, असें त्यांस दिसलें.

या शोधांत शुश्रूषागृहांना एक कठीण प्रश्न आहे. कांपऱ्या हाताला घांस तोंडाशीं नेण्यास वेळ लागतो; परिचारिकेनें भरविला कीं काम उरकतें. माणसें थोडीं आणि कामें फार, म्हणून हा वेळ वाचविण्याचा मोह अनावर होतो. परंतु वाचलेल्या वेळाची किंमत वृद्धाचे हातपाय देतात. मूल चालूं लागतांना आई त्याला कडेवरून खालीं ठेवते, आणि आपला हात जवळ धरते. तोच धीर येथेंही हवा. जो खरोखर उठूं शकत नाहीं, त्याला उचललेंच पाहिजे. पण तो उठूं शकत नाहीं, हें तपासल्यावांचून ठरवूं नये, हाच वॉरेनबाईंचा धडा.