विशाल मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम : आश्वासन, मर्यादा आणि अध्यापकाचे स्थान

प्रस्तावना

ज्ञान विनामूल्य उपलब्ध झाले म्हणजे शिक्षणही सर्वांपर्यंत पोहोचते काय? विशाल मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांनी, म्हणजेच ‘मूक्स’नी, हा प्रश्न उच्च शिक्षणापुढे नव्याने उभा केला. प्रस्तुत लेखात त्यांच्या आरंभीच्या वाटचालीचा, विशेषतः अमेरिकेतील सॅन होजे राज्य विद्यापीठातील प्रयोगांचा, विचार केला आहे.

उगम आणि विस्तार

२००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स यांच्या अभ्यासक्रमास शुल्क भरणारे विद्यार्थी सुमारे २५ होते. विनाशुल्क सहभागी झालेल्यांची संख्या मात्र दोन हजारांवर गेली. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमास सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. २०१२ मध्ये युडॅसिटी, कोर्सेरा व एडएक्स यांचा उदय झाला. त्याच वर्षी एमआयटीच्या विद्युत परिपथांवरील अभ्यासक्रमास सुमारे १,५५,००० जणांनी नोंदणी केली. प्रमाणपत्रापर्यंत पोहोचले ७,१५७. एका अध्यापकाच्या वर्गाच्या मानाने ही संख्याही अल्प नव्हे. म्हणून केवळ गळतीवरून निर्णय देणे उचित होणार नाही. शेवटपर्यंत कोण टिकले आणि कोणाच्या आधाराने, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

सॅन होजे येथील दोन प्रयोग

याच अभ्यासक्रमाची व्याख्याने २०१२ च्या उत्तरार्धात सॅन होजे येथे वेगळ्या रीतीने वापरण्यात आली. विद्यार्थी ती घरी पाहून येत आणि वर्गात अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली उदाहरणे सोडवीत. उत्तीर्णांचे प्रमाण सुमारे ९१ टक्के झाले. पूर्वी ते साठ टक्क्यांहून कमी होते. जानेवारी २०१३ मध्ये त्याच विद्यापीठाने युडॅसिटीच्या सहकार्याने गणित व संख्याशास्त्राचे पूर्णतः ऑनलाइन वर्ग १५० डॉलर एवढ्या अल्प शुल्कात सुरू केले. त्यांत पूर्वी गणितात अनुत्तीर्ण झालेले व शालेय विद्यार्थीही होते. निकाल प्रत्यक्ष वर्गांहून खालावले आणि जुलैमध्ये प्रयोग स्थगित झाला. विद्यार्थिगट भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तथापि, ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज होती, तेच मागे राहिले, हे नाकारता येत नाही.

दरम्यान एप्रिल २०१३ मध्ये तेथील तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डचे मायकेल सँडेल यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम वापरण्यास नकार दिला. संपन्न विद्यापीठांना प्रत्यक्ष प्राध्यापक आणि इतरांना केवळ चित्रफिती, अशी विभागणी होईल, अशी भीती त्यांनी खुल्या पत्रात व्यक्त केली.

समारोप

भारतात ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’चे उद्घाटन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्याद्वारे पूर्ण करण्यास वाव दिला. त्यामुळे सॅन होजेचा अनुभव आपल्यालाही दूरचा राहिलेला नाही. महाविद्यालयातील मार्गदर्शक अध्यापकाचे काम नोंदणी करणे व गुण गोळा करणे एवढ्यापुरते उरले, तर दुसऱ्या प्रयोगाचीच पुनरावृत्ती होईल. त्याच्या मार्गदर्शनाच्या तासांना वेळापत्रकात आणि कार्यभारात स्थान मिळाले, तरच पहिल्या प्रयोगाचे फळ अपेक्षिता येईल.